खिशातलं डेबियन : भाचरांसाठी कानमंत्र

बाळा, लॅपटॉप यायचा तेव्हा येईल. तोवर हातातल्या फोनमध्येच अख्खं लिनक्स चालवायचं मनावर घेतलंस, हे फार चांगलं केलंस. फोन आणि त्यातलं डेबियन यांची भांडणं मला तोंडपाठ आहेत, आणि ती बहुतेक एकाच गोष्टीवरून होतात : अँड्रॉइड हा घरमालक आहे आणि तुझं डेबियन त्याच्या एका खोलीतला भाडेकरू. मालकाचे नियम आधी समजून घे, आपलं सामान आपण जप. मग याच खोलीत तू पायथन शिकशील आणि प्रबंधही लिहून काढशील. घाई नको. एकेक वाच, एकेक कर.

खोली घेण्याआधी

१. आधी काम ठरव, मग सामान चढव — नुसतं पायथन, गिट आणि एसएसएच हवं असेल तर टर्मक्स हे टर्मिनलचं अ‍ॅप एकटं पुरतं. लिबरऑफिससारखी मोठी मंडळी हवी असतील तरच आत डेबियन बसवायचं.

२. टर्मक्स एफ-ड्रॉइडवरून किंवा गिटहबवरून घे — प्ले स्टोअरवरची आवृत्ती तिथल्या नियमांत बसावी म्हणून बरीच बदललेली आहे, आणि तिच्यात काही सोयी नाहीत.

३. टर्मक्स एपीआय, टर्मक्स विजेट ही जोडअ‍ॅप्सही त्याच ठिकाणाहून घे — प्रत्येक ठिकाणच्या अ‍ॅपवर वेगळी डिजिटल सही असते, आणि सह्या जुळल्या नाहीत तर अँड्रॉइड दोघांना एकत्र नांदू देत नाही.

४. फोनमध्ये दहा जीबी तरी जागा मोकळी कर आणि रॅम निदान चार जीबी आहे ना ते बघ — डेबियन स्वतः लहानच असतं, पण डेस्कटॉप, ब्राउझर आणि ऑफिस आलं की पसारा वाढतो. लग्नाचे तेच चार व्हिडिओ तीन-तीनदा साठवले आहेस, तिथून सुरुवात कर.

५. काहीही डाउनलोड करताना ‘एआरएम६४’ लिहिलंय का ते पाहा — फोनचा प्रोसेसर एआरएम जातीचा असतो. ‘एएमडी६४’ किंवा ‘एक्स८६’ लिहिलेलं पॅकेज इंटेल-एएमडीच्या यंत्रांसाठी असतं आणि इथे सरळ चालत नाही.

६. फोन रूट करायचा, म्हणजे त्याचे सर्वाधिकार हाती घ्यायचा, मोह आवर — रूटवर सीएचरूटने डेबियन वेगात पळतं हे खरं, पण अँड्रॉइडची सुरक्षा ढिली होते आणि बँकेची, यूपीआयची अ‍ॅप्स उघडायचं नाकारू शकतात. रूट घेतला, राखणदार गेला.

७. घरात कुणाकडे आयफोन असेल तर त्याला आयएसएच सुचव, पण अपेक्षा बेताच्या ठेवायला सांग — त्यात अल्पाइन लिनक्स चालतं, मात्र प्रोसेसरची नक्कल करून; म्हणून ते सावकाश आणि मुख्यतः अक्षरी कामापुरतंच.

बस्तान बसवताना

८. टर्मक्स उघडल्यावर पहिलं काम पूर्ण अपग्रेड, मग बाकीचं — तिथली पॅकेजेस सतत पुढे सरकत असतात. एकच नवं आणून बाकी जुनी ठेवलीस तर लायब्ररी सापडत नाही म्हणून साधी आज्ञाही अडून बसते. अर्धी डागडुजी, पूर्ण पडझड.

९. डाउनलोड रखडलं तर टर्मक्सची ‘चेंज-रेपो’ ही आज्ञा देऊन जवळचा मिरर निवड — दोष बहुधा तुझ्या फोनचा नसतो, दूरच्या किंवा झोपलेल्या सर्व्हरचा असतो.

१०. अपग्रेड चालू असताना जुनी सेटिंगची फाईल ठेवू की नवी घेऊ असं विचारलं, तर प्रश्न वाचून उत्तर दे. त्या फाइलला कधी हात लावला नसशील तर नवी खुशाल घे — स्वतः केलेले बदल मात्र नव्या फाइलखाली नाहीसे होतात.

११. डेबियन प्रूट-डिस्ट्रोच्या साहाय्याने बसव — रूट लागत नाही, एका आज्ञेत येतं आणि एका आज्ञेत जातं. प्रूट प्रोग्रॅमची प्रत्येक मागणी मध्येच अडवून तिचा पत्ता बदलून देतो, म्हणून हजारो लहान फाइलींचं काम जरा संथ होणार, हे मनाशी धरून चाल.

१२. पहिल्यांदा उबुंटूपेक्षा डेबियनच बरं — उबुंटूत फायरफॉक्स स्नॅपच्या रूपात येतो, स्नॅपला सेवा चालू करणारं सिस्टमडी लागतं आणि प्रूटमध्ये सिस्टमडी चालत नाही. डेबियनचा फायरफॉक्स ईएसआर मुकाट्याने उघडतो.

१३. आज्ञा देण्याआधी ओळीची सुरुवात बघ : नुसतं डॉलरचं चिन्ह असेल तर तू टर्मक्समध्ये आहेस, ‘रूट-अ‍ॅट-लोकलहोस्ट’ (पुढे रूटच्या जागी तुझं नाव) दिसलं तर डेबियनमध्ये — टर्मक्समध्ये ‘पीकेजी’ वापरायचं, डेबियनमध्ये ‘एपीटी’, एकाची आज्ञा दुसरीकडे देऊन रात्र जागवू नकोस.

१४. डेबियनमध्ये शिरलीस-शिरलास की स्वतःच्या नावाचा साधा वापरकर्ता तयार कर आणि रोज त्याच नावाने आत जा — तिथला रूट खोटा असला तरी फाइली खऱ्या पुसतो, आणि व्हीएलसीसारखे काही प्रोग्रॅम रूटला दारातूनच परत पाठवतात.

१५. घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर टाइमझोन आशिया/कोलकाता कर — नाहीतर रात्री केलेलं काम दुपारचं म्हणून नोंदवलं जातं आणि नंतर कुठली फाईल ताजी हे कळेनासं होतं.

१६. डेस्कटॉप म्हणून एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी घे, नोम आणि केडीईच्या वाटेला आत्ता जाऊ नकोस — रॅम अँड्रॉइडलाही हवी असते, आणि ती कमी पडली की आधी भाडेकरूलाच बाहेर काढलं जातं.

१७. एक्सएफसीईच्या खिडक्यांच्या सेटिंगमध्ये ‘कंपोझिटिंग’ बंद कर — सावल्या आणि पारदर्शकपणा दिसायला छान, पण ते रंगवायला प्रोसेसर राबतो आणि बॅटरी झिजते.

१८. पडद्यासाठी टर्मक्स एक्स११ वापर, व्हीएनसी दुसऱ्या यंत्रावरून बघायचं असेल तेव्हाच — एक्स११ मध्ये चित्र थेट येतं, व्हीएनसीत ते आधी गुंडाळायचं आणि मग उलगडायचं असा दुहेरी खटाटोप होतो.

१९. एक्स११ साठी डेबियनमध्ये जाताना ‘शेअर्ड-टीएमपी’ हा पर्याय विसरू नकोस — खिडक्या दाखवणारं सॉकेट टर्मक्सच्या टीएमपी फोल्डरात असतं. डेबियनला ते दिसलं नाही की ‘डिस्प्ले उघडता येत नाही’ एवढंच म्हणून गप्प बसतं.

मालकाची शिस्त

२०. काम ऐन रंगात असताना सगळं बंद पडलं आणि ‘सिग्नल ९’ असं लिहून आलं, तर डेबियनला बोल लावू नकोस — अँड्रॉइड १२ पासून सर्व अ‍ॅप्सच्या पोटातल्या प्रक्रिया मिळून ३२ च्या वर गेल्या की अँड्रॉइड त्या मारतं, आणि एक डेस्कटॉप उघडला तरी ही संख्या भराभर वाढते.

२१. अँड्रॉइड १४ किंवा पुढचं असेल तर डेव्हलपर पर्यायांत चाइल्ड प्रोसेसवरचे निर्बंध बंद करण्याचं बटण शोध — ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली की हे पर्याय दिसतात. १२ आणि १३ वर हेच काम एडीबीने, म्हणजे अँड्रॉइडला बाहेरून आज्ञा देणाऱ्या साधनाने, करावं लागतं.

२२. टर्मक्सला बॅटरी बचतीतून वगळ, आणि लांबलचक कामाआधी त्याच्या नोटिफिकेशनमधला ‘वेकलॉक’ लाव — नाहीतर पडदा काळा झाला की फोन झोपतो आणि तुझं डाउनलोडही त्याच्याबरोबर झोपतं. काम संपलं की वेकलॉक काढ, तो बॅटरी खातो.

२३. फोन तापला तर कव्हर काढ, दहा मिनिटं थांब, चहा घे — तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे दामटून वेळ वाचत नाहीच, वर बॅटरीचं आयुष्य कमी होतं. गार फोन, गार डोकं.

२४. चार्जिंगला लावून तासन्‌तास काम करायचं असेल तर ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय चालू कर, आणि फोन उशीवर किंवा गादीवर ठेवू नकोस — भरलेली बॅटरी आणि उष्णता यांचं एकमेकांशी वाईट जमतं. पाठ फुगलेली दिसली तर वापर त्याच क्षणी बंद.

२५. स्नॅपड्रॅगनचा फोन असेल तर टर्निप हा ड्रायव्हर वापरून बघ — त्यातल्या अड्रिनो चिपकडून थेट चित्रं काढून घेता येतात. ते नसेल तर सगळं चित्रकाम मुख्य प्रोसेसरवर पडतं, म्हणून थ्रीडीचा हट्ट धरू नकोस.

२६. सेवा आपोआप सुरू होतील अशी वाट बघत बसू नकोस, डेटाबेस असो वा वेब सर्व्हर, हाताने चालू कर — सिस्टमडी नाही हे एकदा पक्कं लक्षात ठेवलं की निम्मे प्रश्न सुटतात.

२७. डॉकरच्या मागे आठवडा घालवू नकोस — त्याला कर्नलच्या ज्या सोयी लागतात त्या साध्या अ‍ॅपला मिळत नाहीत. ते शिकायचं असेल तर दुसरं यंत्र गाठ. इथे नाही जमलं म्हणून तुझ्यात काही कमी नाही.

२८. स्वतःचा वेब सर्व्हर ८० वर न लावता ८०८० वर लाव — १०२४ च्या खालचे पोर्ट रूटसाठी राखीव असतात, आणि इथला रूट खरा नाही.

आपलं सामान

२९. फोनच्या फाइली टर्मक्सला दिसण्यासाठी ‘सेटअप-स्टोरेज’ ही आज्ञा एकदाच दे आणि परवानगी हो म्हण — त्याशिवाय डाउनलोड फोल्डर आणि टर्मक्स एकमेकांना ओळखतच नाहीत.

३०. कोडचं काम टर्मक्सच्या किंवा डेबियनच्या घरच्या फोल्डरात कर, डाउनलोडमध्ये नाही — फोनच्या सामायिक साठ्यात फाइलला ‘चालवता येण्याची’ परवानगी टिकत नाही आणि सिमलिंक बनत नाहीत. त्यामुळे पायथनची व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट तिथे मोडते.

३१. डेबियनमध्ये ‘आरएम’ ही आज्ञा देताना मार्ग दोनदा वाच — फोनचा साठा डेबियनच्या आतही उघडा असतो. मुळापासून पुसायला गेलं तर डेबियनसोबत घरच्या गणपतीचे फोटोही जातील.

३२. डेबियन नकोसं झालं तर प्रूट-डिस्ट्रोच्या ‘रिमूव्ह’नेच काढ, आणि नुसतं करून बघायचं असेल तर ‘आयसोलेटेड’ पर्यायाने आत जा — तो लावला की फोनच्या फाइली तिकडे दिसत नाहीत, म्हणजे धक्काही लागत नाही.

३३. टर्मक्स अनइन्स्टॉल करण्याआधी किंवा ‘क्लिअर डेटा’ दाबण्याआधी हात मागे घे — टर्मक्स, आतलं डेबियन आणि त्यातलं तुझं सगळं लेखन एका टिचकीत जातं, आणि रिसायकल बिन नसतो.

३४. आठवड्यातून एकदा प्रूट-डिस्ट्रोचा ‘बॅकअप’ काढून ती फाईल फोनबाहेर हलव, पेन ड्राइव्हवर किंवा दादाच्या संगणकावर — फोन पाण्यात पडला तर आतली प्रतही त्याच्याबरोबर पोहायला जाते. आधी प्रत, मग करामत.

३५. पहिला बॅकअप काढलास की तो कुठेतरी परत उभा करून बघ — उघडून न पाहिलेला बॅकअप म्हणजे नुसता धीर, आणि धीराने प्रबंध परत येत नाही.

३६. कोड रोज संध्याकाळी गिटने बाहेरच्या सर्व्हरवर ढकल, खासगी रेपो चालेल — अख्ख्या डेबियनची प्रत जड असते, तुझं रोजचं काम मात्र काही केबींचं. ते राहायला निमित्त नको.

३७. महिन्यातून एकदा ‘एपीटी क्लीन’ आणि ‘ऑटोरिमूव्ह’ चालव — उतरवून झालेली पॅकेजेस कोपऱ्यात साठत जातात, आणि साठा तुडुंब झाला की अपग्रेड मध्यावर अडतं.

कडीकुलूप

३८. व्हिडिओत दाखवलेली लांबलचक आज्ञा तशीच चिकटवू नकोस, आधी ती स्क्रिप्ट उतरवून डोळ्यांखालून घाल — तुझ्या नावाने चालणारी स्क्रिप्ट तुझ्या सगळ्या फाइलींपर्यंत पोचते. न वाचता चिकटवलं, ते महिनाभर निस्तरलं.

३९. टर्मक्स एपीआयला एसएमएसची परवानगी देऊ नकोस — दिलीस तर टर्मक्समधली कुठलीही स्क्रिप्ट बँकेचा ओटीपी वाचू शकेल.

४०. व्हीएनसी लावलंच तर ते ‘लोकलहोस्ट’पुरतं ठेव, आणि दुसऱ्या यंत्रावरून बघायचं असेल तर एसएसएचच्या बोगद्यातून जा — व्हीएनसीचं बोलणं वाटेत कुणालाही ऐकू येतं, आणि त्याच्या साध्या पासवर्डची पहिली आठ अक्षरंच धरली जातात. वसतिगृहाच्या वायफायवर तर मुळीच उघडं ठेवू नकोस.

४१. टर्मक्सचं एसएसएच ८०२२ वर ऐकतं हे लक्षात ठेव आणि पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी वापर — खासगी किल्ली कुणाला पाठवायची नाही, मैत्रिणीलासुद्धा नाही.

४२. क्रोमियम प्रूटमध्ये बहुधा ‘नो-सँडबॉक्स’ लावूनच उघडतो, म्हणून त्यात बँकेचं किंवा मुख्य ईमेलचं खातं उघडू नकोस — पानांना कोंडून ठेवणारी भिंत तेव्हा पडलेली असते. असली कामं अँड्रॉइडच्या ब्राउझरमध्ये कर, तिथे ती भिंत शाबूत आहे.

मराठी आणि हाताची सोय

४३. डेबियनमध्ये मराठीच्या जागी चौकोन दिसले तर नोटो किंवा लोहित देवनागरी फाँट बसव, आणि लोकेल ‘एमआर-आयएन, यूटीएफ-८’ तयार कर — मजकूर आत नीटच असतो, त्याला अंगावर घालायला अक्षरं नसतात.

४४. टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटलेली दिसली तर घाबरून फाईल दुरुस्त करत बसू नकोस — टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकट देतं, त्यात ‘क्ष’ आणि ‘त्र’ मावत नाहीत. तीच फाईल लिबरऑफिसमध्ये उघड, धडधाकट दिसेल.

४५. पन्नास ओळींपुढचं लेखन असेल तर ब्लूटूथचा किंवा ओटीजीने जोडलेला कीबोर्ड घे, आणि इनस्क्रिप्ट की फोनेटिक हे एकदाच ठरव — काचेवर टायपून बोटं आणि मान दोन्ही दुखतात, आणि दोन मांडण्यांत हिंडणारं बोट कुठेच बसत नाही.

४६. टीव्हीला जोडायची केबल घेण्याआधी फोनच्या यूएसबी-सीमधून चित्र बाहेर येतं का ते त्याच्या माहितीपत्रकात बघ — छिद्र सारखं दिसलं तरी सगळ्याच फोनांत ही सोय नसते.

बंद करताना आणि पुढे

४७. आधी डेस्कटॉपमधून लॉगआउट, मग डेबियनमधून ‘एक्झिट’, मग टर्मक्सच्या नोटिफिकेशनमधून ‘एक्झिट’, हाच क्रम ठेव — थेट ढकलून दिलं की टीएमपी फोल्डरात ‘एक्स१-लॉक’सारखी फाईल मागे राहते, आणि उद्या डेस्कटॉप म्हणतो की इथे आधीच कुणीतरी बसलंय. तसं झालंच तर ती फाईल काढ, बस.

४८. दिलेली प्रत्येक नवी आज्ञा आणि ती का दिली हे एका वहीत लिहून ठेव — फोन बदलला की ती वही उघडून सगळं एका दुपारीत परत उभं राहतं.

४९. कंपनीने दिलेल्या तयार सोयीवर सगळा संसार मांडू नकोस — कॅनॉनिकलने २०१२ मध्ये दाखवलेलं ‘उबुंटू फॉर अँड्रॉइड’ २०१४ मध्ये गुंडाळलं गेलं, सॅमसंगचं ‘लिनक्स ऑन डेक्स’ २०१९ मध्ये अँड्रॉइड १० बरोबर संपलं. म्हणून लेखन साध्या, कुठेही उघडणाऱ्या फाइलींत ठेव. खोली मालकाची, वही आपली.

५०. पिक्सेल फोन मिळाला तर मार्च २०२५ पासून त्यात आलेलं लिनक्स टर्मिनल जरूर बघ — त्यात डेबियन खऱ्या आभासी यंत्रात, स्वतःच्या कर्नलवर चालतं. म्हणजे मालकाने आता स्वतःहूनच वेगळी खोली बांधून दिली आहे. तरी बॅकअपचा नेम तिथेही मोडायचा नाही.

५१. आणि राजा, ‘हे फोनवरचं, खरं थोडंच’ असं कुणी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नकोस — इथे शिकलेल्या एपीटीच्या, गिटच्या, एसएसएचच्या आज्ञा उद्या कुठल्याही डेबियन सर्व्हरवर अक्षरशः जशाच्या तशा चालतात. लॅपटॉप आला की घरचा फोल्डर उचलून त्यात ठेव आणि जिथे थांबलं होतं तिथून पुढे लिही. आज रात्री मात्र फक्त आठवा, अकरावा आणि चौतिसावा मुद्दा कर. बाकीचं रविवारी, मी फोनजवळच आहे.